पाखऱ्याचा परिचय

ईरप्पा पत्तार पदक-नाणे अभ्यास परिषद बंद पडली ती एका चादरीपायी.

चार वर्षं ती अगदी नेमाने भरत होती. सोलापुरातली संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली की पुढच्या रविवारी भवानी पेठेतल्या एका मंगल कार्यालयात मांडव पडायचा. पुण्याहून, कोल्हापुराहून नाण्यांचे अभ्यासक यायचे, भिंगं काढायचे, एकमेकांच्या अंगावर धावून जायचे आणि शेंगापोळी बांधून घेऊन परत जायचे. चौथ्या वर्षी सत्कार चालू असताना अण्णाराव धनशेट्टी वकिलांचं नाव पुकारायचं राहून गेलं.

वकील पहिल्या रांगेत बसले होते. टोपी दोनदा सारखी केली होती. चादर नीट पडावी म्हणून खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर ठेवलं होतं. त्यांच्या उजवीकडच्याला चादर मिळाली, डावीकडच्याला मिळाली, आणि माइकवरून आवाज आला, "सत्कार संपले. आता निबंधवाचन."

वकील शांतपणे उठले. म्हणाले, "कर्णा माझ्या मेव्हण्याचा आहे. सतरंज्या माझ्या घरच्या आहेत."

पुण्याचे एक प्राध्यापक सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांवर बोलायला उभे राहिले आणि त्यांच्यासमोर माणसं एकेक करून सतरंजीवरून उठून फरशीवर सरकू लागली. मग कर्णा गेला. प्राध्यापकांचे ओठ थोडा वेळ हलत होते, मग तेही थांबले. त्या दिवशी शेवटचा निबंध दाक्षायणी पत्तारचा होता. तिने तो परत पिशवीत घातला आणि आईला हाताला धरून घरी नेलं. त्याला आता चौदा वर्षं होत आली होती.

दाक्षायणी ही ईरप्पांची एकुलती एक मुलगी. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. पोरी तिला फुलपाखरू काढून दाखवायच्या तेव्हा ती म्हणायची, "हे कुठे बसलंय ते आधी सांग." ईरप्पा म्हणजे सोलापुरातले नामांकित ठसेकार; परिषद त्यांच्या माघारी, त्यांच्या नावाने निघालेली. पोलादाच्या ठोकळ्यावर उलटं चित्र कोरायचं, मग तो ठसा पितळेवर मारला की सुलटं उठायचं. कुस्तीच्या मैदानाची, शाळांच्या स्पर्धांची, जत्रेतल्या जनावरांच्या प्रदर्शनाची पदकं त्यांच्याकडची. एका चिमुकल्या संस्थानासाठी त्यांनी पैशाचा ठसासुद्धा केला होता. तो पैसा चलनात यायच्या आधी संस्थानच गेलं, पण त्या एका पैशावर अभ्यासकांनी दोन वर्षं भांडून काढली होती.

पण या सगळ्यात एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती, आणि दाक्षायणीच्या पिशवीतल्या निबंधात तीच होती.

ती नऊ वर्षांची असताना ईरप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. समोरचा माणूस ओळखू येईना, तिथे बैलाच्या पापण्या काय कोरणार! तेव्हा कोरणी हातात घेतली ती तिच्या आईने, गुरम्माने. माहेर शेतकऱ्याचं, लग्न होईपर्यंत गुरं राखलेली. स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून ती ठसे कोरायची. बाईने केलेलं पदक पैलवान घेणार नाहीत अशी ईरप्पांना भीती, म्हणून ते बाहेर ओट्यावर बसून एका रिकाम्या लोखंडावर ठाक ठाक हातोडी मारत राहायचे. काम आत, आवाज बाहेर. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, "वा ईरप्पा, काय हात चालतोय!" ईरप्पा मान डोलवायचे आणि आणखी जोरात मारायचे. ठसा नीट उठतो का ते बघायला गुरम्मा तो कणकेच्या गोळ्यावर दाबायची आणि कणीक वाया जाऊ नये म्हणून त्याचीच पोळी लाटायची. दाक्षायणीच्या डब्यातल्या पोळीवर कधी पुसटसं शिंग असायचं, कधी पैलवानाचा दंड.

हे सगळं एकदा चारचौघांत, आईच्या समोर वाचायचं होतं. तेवढंच. आणि आता घाई होती, कारण गुरम्माचा डावा कान पूर्ण गेला होता आणि उजवा चालला होता.

"दाक्षी, वाचायचं तर लौकर वाच की," गुरम्मा म्हणायची. "नंतर वाचलंस तर मला तुझं तोंड हलताना दिसंल. ते रोजच दिसतंय."

"घरीच वाचू का अव्वा?"

"घरी काय! घरातलं मला ठाऊक हाय. लोकं कशी बघतात ते बघायचंय."

म्हणून १९७४ साली संक्रांतीच्या आधी दाक्षायणी परिषद पुन्हा उभी करायला निघाली. आणि परिषदेचा रस्ता धनशेट्टी वकिलांच्या दारातून जात होता.

वकील झोपाळ्यावर बसले होते. "शरणार्थी," दाक्षायणीने लिंगायत रीतीने नमस्कार केला.

"शरणार्थी. बसा बाई. त्या विषयावर आला असाल तर चहा घेऊन जा. दुसऱ्या विषयावर आला असाल तर जेवूनच जा."

"त्याच विषयावर आलेय."

"अगं ए, चहा ठेव!" वकिलांनी आत आवाज दिला आणि झोपाळा थांबवला. "बाई, मला चादरीचं काही नाही. घरात पेटीभर चादरी आहेत. पण माझ्या उजवीकडे कोण बसला होता? घड्याळं दुरुस्त करणारा! त्याला मिळाली! तो नाण्यांतला नाही, पदकांतला नाही. नुसता सावलीला येऊन बसला होता हो!"

"ती चूकच झाली."

"चौदा वर्षं मी त्याच्याकडे घड्याळ दिलं नाही. माझ्या घड्याळात बघा किती वाजलेत."

भिंतीवरचं घड्याळ सव्वातीन दाखवत होतं. बाहेर सकाळचं ऊन होतं.

"या वर्षी तुमचा सत्कार सगळ्यांत आधी," दाक्षायणी म्हणाली.

"आधी नको. आधी माणसं आलेली नसतात."

"मग शेवटी."

"शेवटी सगळ्यांचं लक्ष जेवणाकडे असतं."

"मग मधोमध करू."

वकिलांनी डोळे मिटून विचार केला. "मधोमध. आणि परिचय पूर्ण द्यायचा. मधे तोडायचा नाही. 'थोडक्यात सांगायचं तर' असं कुणी म्हटलं की मी उठलो."

सतरंज्यांचं ठरलं. कर्ण्याचंही ठरलं.

पुढचा माणूस मल्लिकार्जुन उमराणी. याचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींचा कारखाना. नाण्यांमधलं त्याला फारसं कळत नव्हतं, पण माइक हातात धरायची भारी हौस, आणि चादरी फुकट देणारा माणूस परिषदेचा कार्यवाह होतोच. त्याने एक पक्कं ठरवलं होतं : या वेळी कुणाचाही सत्कार राहता कामा नये.

"बाई, मी उपाय काढलाय," तो म्हणाला. "सगळ्यांचाच करायचा."

"सगळ्यांचा म्हणजे?"

"मांडवात जो येईल त्याचा. मग राहील कोण? सांगा की, राहील कोण?"

"पण निबंध कधी वाचायचे?"

"सत्कार झाले की."

"आधी निबंध घेऊ या ना. एक तरी."

मल्लिकार्जुनने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही ती जेवणाआधी आंचवायला सांगत होती. "सत्कार न करता निबंध? पाहुण्याला दारात उभं करून बोलायला लावायचं? सोलापूरचं नाव जाईल बाई! दहाला सत्कार सुरू, अकराला संपले. मग वाचा की निवांत संध्याकाळपर्यंत."

अध्यक्ष म्हणून पुण्याचे डॉ. गोवंडे ठरले. गोरेपान, शिडशिडीत, खिशात कायम भिंग. जेवणात मिरचीचा ठेचा बघितला तरी त्यांना घाम यायचा. त्यांनी एकच अट घातली : ईरप्पांची मूळ पदकं डोळ्यांसमोर पाहिजेत, फोटो चालणार नाहीत.

आता ती आणायची कुठून? पैलवानांच्या पोरांनी मोडीत घातली होती, शाळांनी हरवली होती. एका ठिकाणी मात्र पदकं धडधाकट होती, होटगीच्या जोतीरामच्या घरी. त्याच्या घरचे खिलार बैल आजोबापासून जत्रेच्या प्रदर्शनात पहिले येत आले होते. मिळालेलं प्रत्येक पदक एका चामडी पट्ट्यात ओवून बैलाच्या गळ्यात घालायचं, आणि बैल म्हातारा झाला की दोघांच्या माना जवळ आणून पट्टा थेट नव्या बैलाच्या गळ्यात चढवायचा. मधे जमिनीवर ठेवायचा नाही, खुंटीला टांगायचा नाही, माणसाच्या हातात रेंगाळू द्यायचा नाही. रिकामा पट्टा म्हणजे रिकामं दावं, असं त्या घरात मानत.

दाक्षायणी होटगीला गेली तेव्हा पट्टा पाखऱ्याच्या गळ्यात होता. पांढराशुभ्र, डोळ्यांत काजळ घातल्यासारखा, आणि हलला की गळ्यात किणकिण.

"एक दिवस पट्टा देता का?" दाक्षायणीने विचारलं.

"पट्टा न्हाय देता येत बाई," जोतीराम म्हणाला. "बैल देतो."

"बैल?"

"पाखऱ्या येईल की. मानसात राहतोय त्यो. तुमचा सायेब बघू दे किती बघायचं ते. फकस्त मागनं हात लावू नका म्हनावं. पुढनं काय बी करा."

दाक्षायणीने येऊन मल्लिकार्जुनला सांगितलं तेव्हा त्याने फक्त एक प्रश्न विचारला, "म्हणजे चादर एक वाढवू?"

परिषदेचा दिवस उजाडला. मांडव भरला होता. खरे अभ्यासक पाच. बाकी चादरींचे व्यापारी, शाळेतल्या बाया, वकिलांचे नातेवाईक, आणि मांडवात येईल त्याला चादर मिळते असं कळल्यामुळे आलेली बरीच माणसं. घड्याळं दुरुस्त करणाराही आला होता. वकिलांनी त्याला सगळ्यांत मागच्या रांगेत बसवलं. मांडवाच्या कडेला, व्यासपीठाच्या अगदी पुढ्यात, जोतीराम पाखऱ्याला धरून उभा होता. दाक्षायणीने गुरम्माला पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाला बसवलं, म्हणजे उजवा कान कर्ण्याकडे राहील. निबंधाचे कागद तिने पदराखाली धरले होते. चौदा वर्षांत ते कडेने पिवळे पडले होते.

दहाला सत्कार सुरू झाले. टॉवेल, टोपी, नारळ, चादर, हार. परिचय. टाळ्या. पुढचा. डॉ. गोवंड्यांना टोपी मोठी झाली, ती कानांवर उतरली. मग कोल्हापूरचे अभ्यासक. मग ज्याने मांडव घातला तो. मग ज्याने मांडवाचे बांबू दिले तो. मग त्या दोघांची ओळख करून देणारा. मल्लिकार्जुन घामाघूम होऊन आनंदाने न्हात होता.

अकरा वाजले. बारा वाजले.

वकिलांचा सत्कार बरोबर मधोमध आला. त्यांचा परिचय त्यांनीच लिहून दिला होता आणि तो त्यांच्या मुंजीपासून सुरू झाला. म्हणजे मुंज नव्हे, लिंगदीक्षा. पण वाचणारा कोल्हापूरचा पाहुणा होता, त्याने मुंज वाचलं, वकिलांनी हात वर करून थांबवलं, दुरुस्ती केली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. चादर खांद्यावर पडली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. ते खाली येऊन बसले आणि त्यांनी मागे वळून शेवटच्या रांगेकडे एकदा बघून घेतलं.

"किती राहिले?" दाक्षायणीने मल्लिकार्जुनला हळूच विचारलं.

"झालेच की. मागच्या दोन रांगा."

"आणि निबंध?"

मल्लिकार्जुनने आवाज खाली आणला. "बाई, आता असं आहे. हुग्गी तयार झालीय. गव्हाची खीर ती, गार झाली की आळते. आणि डॉक्टरांची गाडी आहे. जेवण झालं की ते स्टेशनवर. तुमचा निबंध आपण छापू. छापलेलं जास्त टिकतं, नाही का?"

दाक्षायणीने आईकडे बघितलं. गुरम्मा हाताचा द्रोण करून उजव्या कानाशी धरून बसली होती. सकाळपासून तिने तो हात खाली घेतला नव्हता. बांबूवाल्याच्या परिचयालाही तिने मान डोलावली होती.

छापलेलं! अव्वाला वाचता येत नव्हतं.

मागच्या दोन रांगा झाल्या. घड्याळवाल्याचाही सत्कार झाला. तो चालू असताना वकील मांडवाच्या छताकडे बघत होते. मल्लिकार्जुनने टेबलावर हात फिरवला. एक चादर उरली होती.

"आणि आता," तो माइकवर म्हणाला, "आजचे शेवटचे सत्कारमूर्ती. होटगीचे श्री. पाखऱ्या!"

टाळ्या झाल्या. पाखऱ्याने मान हलवली, पदकं किणकिणली. चादर पाठीवर पडली आणि शोभून दिसली. टोपीचा प्रश्न आला. जोतीरामने ती दोन शिंगांच्या मधे ठेवून बघितली, ती घसरली, मग उजव्या शिंगावर चढवली. हार गळ्यात पडायच्या आत पाखऱ्याने अर्धा खाऊन टाकला.

"आता परिचय," मल्लिकार्जुन म्हणाला, आणि थांबला. कागद उलटसुलट केला. पाखऱ्याचा परिचय कुणी लिहिलाच नव्हता.

"परिचय राहू दे की," मागून कुणीतरी म्हणालं. "हुग्गी गार होतीय."

"राहू दे?" वकील ताडकन उठले. "बांबूवाल्याचा परिचय झाला, आणि तीन पिढ्यांची पदकं गळ्यात घालून आलेल्याचा राहू दे? बिनपरिचयाचा सत्कार म्हणजे काय, कुणाच्याही अंगावर चादर टाकणं! मी चालू देणार नाही."

मल्लिकार्जुन घाबरला. सतरंज्या वकिलांच्या होत्या. "जोतीराम, तुम्ही बोला की चार शब्द."

"मला भाषान येत न्हाय," जोतीराम म्हणाला. "मी बायकोशी सुदा चार शब्द बोलत न्हाय."

मांडवात हशा पिकला. आणि त्या हशात दाक्षायणी उभी राहिली.  तिचे पाय आधीच चालू लागले होते.

"पाखऱ्याचा परिचय मी करून देते," ती म्हणाली.

माइकपाशी जाऊन तिने पदराखालचे कागद काढले. त्यांची जाडी बघून मल्लिकार्जुनचा चेहरा उतरला.

"आजचे सत्कारमूर्ती श्री. पाखऱ्या," दाक्षायणीने सुरुवात केली, "यांच्या गळ्यात जी पदकं आहेत, ती ईरप्पा पत्तार यांच्या घरात घडली. सत्कारमूर्तींची ओळख करून घ्यायची तर त्या पदकांची ओळख करून घ्यायला हवी." आणि मग तिने पान उलटलं आणि निबंध जिथून सुरू होत होता तिथून वाचायला लागली.

तिने ठसा कसा कोरतात ते सांगितलं. पोलाद कसं तापवतात, उलटं चित्र डोळ्यांत कसं धरतात ते सांगितलं. मधूनमधून ती न विसरता म्हणायची, "सत्कारमूर्तींच्या गळ्यात डावीकडून दुसरं," किंवा "सत्कारमूर्तींनी मान वळवली तर दिसेल." तिसऱ्या पानावर मल्लिकार्जुन तिच्या कोपरापाशी आला.

"बाई, थोडक्यात—"

"उमराणी!" वकील गरजले. "काय म्हणालात?"

"न्हाई, मी म्हटलं—"

"परिचय चालू आहे. परिचय मधे तोडायचा नाही. चौदा वर्षांपूर्वी काय झालं होतं आठवतंय ना? बसा!"

मल्लिकार्जुन बसला. वकिलांनी दाक्षायणीला हाताने खूण केली, "चालू द्या. पूर्ण द्या." हुग्गीच्या पातेल्यावर आचाऱ्याने झाकण ठेवलं आणि तोही येऊन खांबाला टेकून उभा राहिला.

"डावीकडची पदकं बघा," दाक्षायणी वाचत होती. "त्यांवरचे बैल देखणे आहेत, पण ते टेबलासारखे उभे आहेत. चार पाय, दोन शिंगं, दोन्ही कान सारखे. हे ईरप्पांचं काम. ईरप्पांनी बैल बघितला तो कॅलेंडरावर. आता उजवीकडची बघा. या बैलांचा एक कान पुढे आहे आणि एक मागे वळलाय. कारण मागून कुणी ओळखीचं बोललं की बैल मान वळवत नाही, एक कान वळवतो. हे ज्याने गुरं राखलीत त्यालाच माहीत असतं. ईरप्पांनी कधी गुरं राखली नाहीत. ही पदकं घडली तेव्हा त्यांना दिसतही नव्हतं."

डॉ. गोवंडे खुर्चीवरून उठले, टोपी कानांवर, चादर खांद्यावर, हातात भिंग, आणि व्यासपीठ उतरून पाखऱ्याच्या गळ्याशी गेले. पाखऱ्याने त्यांचा हार हुंगला.

"एक कान मागे!" गोवंडे ओरडले. "इथेही! इथेही! अहो, मी या कानावर दोन लेख लिहिलेत! मी म्हटलं होतं, हा ठशाला गेलेला तडा!"

"तडा न्हाय सायेब, कान हाय," जोतीराम म्हणाला.

"कानच आहे की!" गोवंडे म्हणाले. तो 'की' म्हणजे सकाळपासून सोलापुरात राहिल्याचा परिणाम होता. "बाई, मग हे केलं कुणी?"

दाक्षायणीने कागद खाली ठेवला. शेवटची ओळ तिला पाठच होती. "अप्पा ओट्यावर बसून रिकाम्या लोखंडावर हातोडी मारत होते. आत चुलीपाशी ठसा कोरत होती माझी आई. गुरम्मा ईरप्पा पत्तार. ती समोर बसलीय."

सगळा मांडव वळला. गुरम्माने अजून हात कानाशीच धरला होता. तिने एकेक तोंड निरखून बघितलं, जसं काही पदकांचे ठसे तपासत होती. मग म्हणाली, "बगा की. किती बगायचं ते बगा."

मग जी गडबड उडाली! जोतीरामने पटका काढून थेट गुरम्माच्या पायांवर ठेवला. गोवंडे दोन्ही हात जोडून उभे राहिले, त्यांची टोपी डोळ्यांवर आली. सगळे ओरडत होते, सत्कार करा, सत्कार करा! मल्लिकार्जुन टेबलाकडे धावला. टेबल रिकामं होतं. जो मांडवात येईल त्याचा सत्कार करता करता सगळ्या चादरी देऊन झाल्या होत्या. आणि नेमका गुरम्माचाच सत्कार राहिला होता, कारण पत्तारांच्या घरचं माणूस म्हणून तिला घरातलीच धरलं होतं.

"पाखऱ्याची काढा," कुणीतरी सुचवलं.

"त्याची नको," गुरम्मा म्हणाली. "त्याला थंडी वाजंल."

मांडवभर चादरी पांघरलेली माणसं एकमेकांकडे बघत राहिली. प्रत्येकाने आपली चादर जरा घट्ट धरली होती, हे खरंच. आणि मग पहिल्या रांगेतून धनशेट्टी वकील उठले. त्यांनी खांद्यावरची चादर काढली. एक क्षण दोन्ही हातांत धरून तिच्याकडे पाहिलं. झटकली, नीट घडी घातली, आणि गुरम्माच्या खांद्यांवर स्वतःच्या हाताने पांघरली.

"माझी जेमतेम दीड तास वापरलेली आहे," ते म्हणाले.

"उबदार हाय," गुरम्मा म्हणाली.

टाळ्या थांबेनात. मल्लिकार्जुनने माइक आणून तिच्या तोंडाशी धरला. "आजी, सत्काराला उत्तर द्या."

गुरम्माने माइकला आधी बोटाने टकटक केलं. मग म्हणाली, "त्या चौथ्या पदकाचं शेपूट जाड झालंय. ती चूक हाय माझी. दाक्षीला तेव्हा गोवर आला होता, ती सारखी रडायची, हात हलला." "साकु, पुरे झालं. आता जेवायला वाढा की."

हुग्गी आळली होती, पण कुणी कुरकुरलं नाही. डॉ. गोवंड्यांची गाडी चुकली. ते दुपारभर पाखऱ्यापाशी बसून पदकांचे कागदावर ठसे घेत होते, आणि पाखऱ्या त्यांची टोपी चघळत होता.

मांडव उतरवताना वकील दाक्षायणीजवळ आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, चादर दिली त्याचं काही नाही. पण एक विचारतो. तिकडे घड्याळवाला चादर पांघरून घरी निघालाय आणि मी मोकळा. लोकांना काय दिसणार?"

"तुमचा सत्कार राहिला असं दिसणार."

"म्हणजे राहिलाच ना?"

"राहिलाच, वकीलसाहेब."

"मग पुढच्या वर्षी परिषद घ्यावी लागेल," वकील म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी होती, पण चेहऱ्यावर नव्हती. "सतरंज्या माझ्या. फक्त एक करा. परिचय तुम्ही करून द्या. बैलाचा दिलात तसा."

रात्री गुरम्मा चादर पांघरूनच आडवी झाली. दाक्षायणी तिच्या उजव्या बाजूला बसून पाय चेपत होती.

"दाक्षी."

"काय अव्वा?"

"तू वाचत होतीस ना, तेव्हा तू बैलाच्या मागं होतीस की पुढं?"

दाक्षायणीने आठवून बघितलं. माइक व्यासपीठावर होता, आणि पाखऱ्या तोंड लोकांकडे करून पुढ्यात उभा होता. "मागे होते."

"मग त्याचा कान कुठं होता?"

"एक लोकांकडे. एक माझ्याकडे."

"तसंच कोरलं होतं मी," गुरम्मा म्हणाली, आणि उजव्या कुशीवर वळून, चांगला कान उशीत घालून झोपून गेली.